सुकडीच्या पुलाचा मधला खांब

धारमध्ये कुणालाही विचारा, सुभद्रा पोतनीस कोण? माणूस आधी तुमच्याकडे नीट बघून घेईल, मग म्हणेल, "अच्छा, वो पुलवाली भाभी!" आणि लगेच दुसरा विषय काढेल. ज्यांना काही माहीत नाही ते असे गप्प होतात, आणि ज्यांना सगळं माहीत आहे ते तर त्याहून गप्प. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकलेलं बरं.

ही बाई काही जन्मतः ठेकेदार नव्हती. देवासची मुलगी, बारावीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन धारला पोतनिसांकडे आली. पोतनीस म्हणजे एके काळी संस्थानच्या खजिन्यावरची माणसं. संस्थान गेलं, खजिना गेला, उरलं ते आडनाव आणि त्याचा तोरा. सासरे, म्हणजे भाऊ, सडक खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई, म्हणजे माई. सणवार, सोवळंओवळं, ओट्या, वाणं, यांत त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. नवरा नीलेश देवासच्या एका कारखान्यात नोकरीला, आठवडाभर तिकडे, रविवारी इकडे. अशा घरात सूनबाईनं काय करावं? पापड लाटावेत, शिवणयंत्र चालवावं आणि पाहुण्यांसमोर चहा ठेवून आत जावं. दोन मुली वाढवत सुभद्रानं बारा-तेरा वर्षं ते केलंही.

सत्त्याण्णव साली देवासचे संताजीराव मोटारीतून त्यांच्या दारात उतरले. मोठा ठेकेदार माणूस, बोलायला साखर. अमझेऱ्यावरून कुक्षीकडे जाणाऱ्या एका सडकेचं काम त्यांना मिळालं होतं आणि त्या कामाला एक अट होती: काही हिस्सा बायकांच्या आणि मागे ठेवल्या गेलेल्या समाजांतल्या लोकांच्या फर्मांना पोटठेक्यानं द्यायचा. अट चांगलीच होती. पण आपले लोक काय कमी आहेत! अटीची शाई सुकायच्या आत तिच्यातून वाट काढली. बायकोच्या, वहिनीच्या, सुनेच्या नावानं फर्म काढायची. सही तिची, काम आपलं.

"भाऊसाहेब, सूनबाईंना फक्त सही करायची आहे," संताजीराव म्हणाले. "उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची गरज नाही."

भाऊ खूश. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी कामाचं विचारलं नव्हतं. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली सुभद्रा तेवढ्यात म्हणाली, "सही माझी असेल तर काम मी बघणार."

माईंनी आतून जोरात पातेलं आपटलं. संताजीराव मात्र मनापासून हसले. "बघा की वहिनी! तेवढीच हवापालट."

हवापालट! त्या एका शब्दानं तिच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती पुढे कित्येक वर्षं उतरली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती पायात नीलेशचे जुने बूट घालून साइटवर हजर.

सुरुवातीला तिला गटारं मिळाली. सडकेच्या कडेची दगडी किनार, पाणी जायला सडकेखालची एखादी मोरी, असली कामं. संताजीरावांचा साइटवरचा माणूस भेरूलाल, देवासकडचाच माळवी गडी, तिला बघून मिस्तऱ्यांना डोळा घालायचा. "भाभीजी, धूप लग जायगी," म्हणायचा आणि खुर्ची सावलीत ठेवायचा. सुभद्रानं खुर्चीवर पाणी पिण्याचा माठ ठेवला आणि स्वतः उभी राहिली. चुकत चुकत शिकली. सिमेंटचा मसाला कधी पातळ झाला, कधी मोरीचा उतार उलटा बसला, तोडून पुन्हा केला. घरी आली की भाऊंना खोदून खोदून विचारायची. भाऊ आधी चिडले, मग त्यांनाच गोडी लागली. जेवताना पोळीच्या तुकड्यांनी ताटात पुलाचे खांब मांडून दाखवायचे, आणि माई म्हणायच्या, "अन्न आहे ते, खेळणं नव्हे!"

तिची खरी जोडीदारीण मात्र थावरी. कुक्षीकडच्या एका फळ्यातली, म्हणजे वस्तीतली, भिल्लीण, पंधरा-वीस बायकांच्या टोळीची मुकादम. अंगानं काटकुळी, आवाज असा की नदीपलीकडचा माणूस वळून बघेल. पहिल्या दिवशी तिनं सुभद्राला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तू मालकीण? मग तुझा मालक कुठाय?" सुभद्रा म्हणाली, "देवासला." थावरी म्हणाली, "दूर आहे, चांगलं आहे," आणि दोघी अशा हसल्या की भेरूलाल बघतच राहिला. तेव्हापासून जिथे सुभद्राचं काम तिथे थावरीची टोळी. भांडायच्याही कचाकचा. पण थावरी नसली की सुभद्राला साइट सुनी वाटायची.

दोन वर्षांत सुभद्राचं नाव झालं. देवासच्या दोघी-तिघी, टोंकखुर्दच्या अवंतीबाई, अशा आणखी काही बायकांच्या फर्मा निघाल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा सहीपुरत्याच. पण अवंतीबाई सुभद्राचं बघून स्वतः साइटवर जायला लागल्या. फोन करून विचारायच्या, "काय हो, गिट्टी-वाळू ओली असली तर पाणी कमी घालायचं ना?" सुभद्राला याचा फार अभिमान. आणि धास्तीही. कारण तिला कळून चुकलं होतं की तिची एक मोरी वाकडी गेली तर लोक सुभद्रा चुकली म्हणणार नाहीत. बायका चुकल्या म्हणतील.

नव्व्याण्णव साली सुकडी नदीवरचा पूल आला. नाव सुकडी, आणि उन्हाळ्यात पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. पण पावसात हीच नदी जुन्या रपट्यावरून, म्हणजे फरशीच्या बुटक्या पुलावरून, अशी जाते की दोन्हीकडची गावं चार-चार दिवस एकमेकांचं तोंड बघत नाहीत. संताजीरावांनी काठाकडचे खांब स्वतःकडे ठेवले आणि मधल्या खांबाचा पाया सुभद्राला दिला.

भाऊ म्हणाले, "सूनबाई, नको घेऊस. मधला पाया सगळ्यांत वाईट. तो तुला का देतायत? काही बिघडलं तर बोट दाखवायला बाई बरी, म्हणून."

सुभद्राला ते कळत नव्हतं असं नाही. पण ती म्हणाली, "भाऊ, हा उभा राहिला तर पुन्हा कुणी म्हणणार नाही की बायकांना गटारं द्या."

खड्डा खणायला लागले. वर काळी माती, खाली पिवळी, चिकट, लोण्यासारखी. तिच्याखाली कातळ असणार, असायलाच हवा. पण तो लागेना. खड्डा खोल होत गेला तसं त्यात ऊन पोचेनासं झालं, आणि खाली उतरणाऱ्या बायका बोलेनाशा झाल्या. एकीला खड्ड्यात चक्कर आली. एकीच्या पायाला लागलेलं बरंच होईना. मग होळीच्या आधी टोळी भगोऱ्याच्या जत्रेला गावी गेली ती परत आलीच नाही.

सुभद्रा जीप घेऊन थावरीच्या फळ्यात गेली. थावरी खाटेवर बसलेली. नजरेला नजर देईना.

"बाई, पूल माथो मांगे," ती म्हणाली. पूल डोकं मागतो. मोठा पूल बांधताना पायाच्या खड्ड्यात माणूस घालावा लागतो, नाहीतर तो आपला आपण घेतो, अशी हूल त्या सगळ्या भागात उठली होती. कुणी उठवली, देव जाणे. पण आया संध्याकाळी पोरांना दाराबाहेर जाऊ देत नव्हत्या आणि सुकडीच्या वाटेला कुणी फिरकत नव्हतं.

"वेडी का तू? माझा पूल कुणाचं डोकं घेणार नाही," सुभद्रा म्हणाली.

बराच वेळ घोळ घातल्यावर थावरी म्हणाली, "तू देवीचं कर. खाली, खड्ड्यात. तूच कर. मग आम्ही येऊ."

घरी आल्यावर सुभद्रानं माईंना सांगितलं. तिला वाटलं, माई नाक मुरडतील. पण माई उलट तिच्यावरच तापल्या. "म्हणजे इतके दिवस तुम्ही नुसतेच खणताय? अगं, नदी म्हणजे माहेरवाशीण. तिच्या पोटात शिरताय आणि तिची ओटी भरली नाहीत? धन्य आहे तुमची!" दुसऱ्या दिवशी सकाळी माई स्वतः जरीचं नेसून, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घेऊन जीपमध्ये बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या सुनेची साइट बघायला निघाल्या होत्या. सुभद्राचं मन भरून आलं. तिथेच ती गाफील राहिली.

थावरीची टोळी काठावर उभी होती. शिडीवरून सुभद्रा खाली उतरली, मागून माई. हो, माईसुद्धा उतरल्या. ओल्या पिवळ्या मातीवर पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं, खण पसरला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. वरून बायकांनी देवीचं गाणं धरलं. सुभद्रानं सासूबाईंच्या पाया पडून वर बघितलं तेव्हा थावरी हसत होती. सगळं जमलं, असं वाटलं.

आणि मग तिला भान आलं की खणणं अजून संपलेलं नाही. पाट मांडायच्या आधीच तिनं सब्बल, म्हणजे पहार, ठोकून बघितली होती. मातीत सरळ जात होती आणि मग टणकन अडत होती. कातळ अजून हात-दीड हात खाली. टोळीनं मनावर घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंतचं काम.

"थावरी, ओटी बाजूला घेऊ आणि उरलेलं खणून घेऊ," ती म्हणाली.

थावरीचं हसू पुसलं गेलं. "देवीच्या ओटीत कुदळ? ना बाई. आम्ही ना."

सुभद्रानं माईंकडे बघितलं. माईंनी तर तोंडावर हात ठेवला. "सुभद्रे! भरलेली ओटी कुणी उपसतं का? सवाष्ण ना तू?"

इथे तिनं भांडायला हवं होतं. ती भांडणारी बाई होती. सगळ्यांशी भांडली होती. ओटी काठावर भरली असती तरी चाललं असतं, हे तिला आधी सुचायला हवं होतं. पण लहानपणापासून जे हातात मुरलेलं असतं ते डोक्याचं ऐकत नाही. तिला स्वतःलाच त्या खणाला हात लावायचा धीर होईना. काठावर भेरूलाल घाई करत होता, मसाला कालवायचं यंत्र भाड्यानं आणून उभं केलेलं होतं. सरकारी इंजिनियर चहाचा ग्लास हातात घेऊन वरूनच खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला, "मॅडम का काम है, पक्का ही होगा." त्याचा तिच्यावर विश्वास होता असं नव्हे, बायकांच्या फर्मचं काम नीट बघायचं असतं, हेच कुणाच्या मनात नव्हतं.

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. सुभद्रा म्हणाली, "टाका."

आणि पिवळ्या मातीवर, खणा-नारळावर, काँक्रीट पडलं.

पुढच्या वर्षी पूल सुरू झाला. पुढारी आले, फीत कापली, सुभद्राला शाल-श्रीफळ दिलं. अवंतीबाई टोंकखुर्दहून मुद्दाम आल्या आणि तिला मिठी मारून रडल्या. भाऊंनी पुलावर उभं राहून फोटो काढून घेतला. सुभद्रा हसली, पण जेवण गेलं नाही. शेजारून ट्रक गेला की पूल किंचित हलतो, तसा सगळेच पूल हलतात. तिला मात्र ते आपल्या छातीत जाणवायचं.

पहिला पावसाळा गेला, काही झालं नाही. दुसराही गेला. नदीला पूर आला की ती काही ना काही निमित्त काढून सुकडीवर जायची. मधल्या खांबापाशी पाणी घुमायचं, गढूळ, जाड. ती कठड्याला हात लावून उभी राहायची आणि मनात म्हणायची, राहा बाई, राहा उभी. खांबाला म्हणायची की नदीला, तिलाच ठाऊक. थावरीला तिनं एकदा विचारलं, "तुला आठवतं का गं, सब्बल आत जात होती?" थावरी म्हणाली, "देवी बसली आहे खाली. कशाला बोलतेस?" आणि विडी पेटवायला पाठ फिरवली. तिलाही आठवत होतं. तेव्हापासून दोघींनी त्या खांबाचा विषय काढला नाही, आणि पहिल्यासारख्या हसल्याही नाहीत.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर सुभद्रा कुक्षीहून येत असताना पुलाच्या टोकाशी सहज थांबली. ऊन तिरपं पडलं होतं. कठड्याची सरळ रेघ मध्यावर किंचित खाली वाकलेली दिसली. तिनं डोळे चोळले. पुन्हा बघितलं. खाली उतरून खांबापाशी गेली, तर वरच्या स्लॅबला खालून चीर गेली होती. वरून एस.टी. गेली आणि त्या चिरेतून बारीक भुगा तिच्या केसांवर पडला.

ती सरळ देवासला संताजीरावांकडे गेली. सगळं सांगितलं, ओटीसकट. संताजीरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, चीर कुठल्या पुलाला नसते? प्लास्टर मारू. तुम्ही बोललात तर काय होईल, माहीत आहे? खांब तुमचा, सही तुमची. आणि उद्या तुमच्या त्या अवंतीबाईंना कुणी टोपलीभर वाळू उचलायचंसुद्धा काम देणार नाही." आणि ते त्या पहिल्या दिवसासारखेच हसले. "लेकीबाळी आहेत तुम्हाला. जपून असा."

घरी भाऊ म्हणाले, "गप्प बसशील तर मला चालेल. मी म्हातारा आहे. पण तुला चालेल का?" माई देवघरात बसून होत्या. त्या दिवसापासून त्यांनी कुणाची ओटी भरली नाही.

सुभद्रा महिनाभर गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते तिला विचारा. सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं तरी तिला वाटायचं, आली बातमी. शाळेच्या पोरांनी भरलेली जीप कुक्षीच्या रस्त्याला लागलेली दिसली की तिला घाम फुटायचा. शेवटी एक दिवस ती उठली, सरकारी कचेरीत गेली आणि मोठ्या साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "सुकडीचा मधला खांब कातळावर नाही. मला ठाऊक आहे, कारण तो मी बांधलाय. आजच्या आज जड गाड्या बंद करा."

मग जे व्हायचं ते झालं. पूल जड गाड्यांना बंद झाला. तिची फर्म काळ्या यादीत गेली. बायकांच्या फर्मांना पायाचं, खांबाचं काम द्यायचं नाही, असं कुणी कागदावर लिहिलं नाही. पण द्यायचं थांबलं. नावाला हिस्सा राहिला तो कठड्यांना रंग देण्यापुरता. अवंतीबाईंचा फोन आला. "तुम्ही बुडालात ते बुडालात, आम्हाला कशाला घेऊन बुडालात?" एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. त्या बाईचं काय चुकलं होतं?

आणि खांब दुरुस्त करायचं काम कुणाला मिळालं? दुसरं कुणाला मिळणार! संताजीरावांना. खांबाच्या कडेनं खणायचं, कातळापर्यंत जायचं आणि खालून काँक्रीट भरत आणायचं. दोन हजार चारच्या ज्येष्ठात काम सुरू झालं. पावसाच्या आत उरकायची घाई. भेरूलालनं टोळी आणली ती थावरीची. सुभद्राची फर्म गेल्यावर बायकांना पोट तर होतंच ना.

सुभद्राला कळलं तशी ती धावत साइटवर गेली. खड्डा आधीच्याइतकाच खोल, बाजू सरळ कापलेल्या, टेकू नाही, फळी नाही. वळवाचे दोन दणके होऊन गेलेले; काळी माती पाणी पिऊन फुगलेली. खाली थावरी कुदळ मारत होती.

"थावरी, वर ये! बाजूंना टेकू नाहीत, दिसत नाही का?"

थावरीनं घाम पुसला आणि वर बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर ते जुनं हसू होतं. "तूच म्हणायचीस ना, खणून घेऊ? घेते खणून. दीड हात राहिलंय."

सुभद्रा भेरूलालकडे वळली. वासे-बल्ल्या मागव, फळ्या मागव, म्हणून घसा फोडून ओरडली. भेरूलाल म्हणाला, "भाभीजी, अब आप का काम नी है यह." ती आणखी काही बोलणार तोच पाठीमागे आवाज झाला. फार मोठा नव्हता. पोतं खाली ठेवल्यावर होतो तेवढाच. वळून बघितलं तर खड्ड्याची एक बाजू खड्ड्यात होती आणि थावरी दिसत नव्हती. सुभद्रानं स्वतःच्या नखांनी माती ओढली, सगळ्या बायकांनी ओढली. काढली तेव्हा ती गेलेली होती.

पंचनामा झाला. पावसानं माती ढासळली, असं ठरलं. पावसाला काय, तो कोर्टात येत नाही.

तिसऱ्या दिवशी सुभद्रा थावरीच्या फळ्यात गेली. थावरीची मुलगी रमली, विशीतली, अंगावर तान्हं पोर, अंगणात आईची कुदळ धुवत होती. रमलीच म्हणाली, "भेरूलाल आला होता. आईच्या जागेवर उद्यापासून मी."

"नको जाऊस," सुभद्रा म्हणाली. "रमली, तुझ्या पाया पडते, त्या खड्ड्यात नको उतरूस."

"मग तू लावशील कामावर?"

सुभद्राजवळ कुठलं काम होतं आता! ती मान खाली घालून परत आली.

दुसऱ्या दिवशी टोळी साइटवर पोचली तर खड्ड्यात आधीच कुणीतरी उभं. सुभद्रा. पदर खोचलेला, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, पायाखाली चिखल.

भेरूलाल काठावर येऊन ओरडला, "भाभीजी, बाहर आओ! मिट्टी का भरोसा नी है!"

"तेच सांगायला खाली आलेय," ती म्हणाली. "बल्ल्या आण, फळ्या आण, चारी बाजूंना टेकू लाव. तोवर मी इथून हलत नाही आणि दुसरं कुणी उतरत नाही. तुझ्या संताजीरावांना सांग, आज मेले तर खजिनेवाल्या पोतनिसांची सून मेली, असं छापून येईल. थावरीसारखं दाबता येणार नाही."

हे तिला बोलतानाच झोंबलं. पण खरं होतं ते. भेरूलालचा चेहरा उतरला. तो फोन करायला जीपकडे पळाला आणि थोड्या वेळानं ट्रक बल्ल्या आणायला अमझेऱ्याकडे गेला. बायका काठावर गोळा झाल्या तशी सुभद्रा खालून खेकसली, "मागे व्हा गं! तुमच्या वजनानं सुटेल!" बायका मागे झाल्या. रमली तेवढी शिडीच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. पोर तिनं दुसरीकडे दिलं होतं.

खड्ड्याच्या तळातून पाणी झिरपत होतं. घोट्याशी आलं. रमली खाली बघत होती, खांबाच्या पायाकडे, जिथे काँक्रीट संपून पिवळी माती सुरू होत होती.

"बाई," ती म्हणाली, "दीड हातच तर होतं. तेव्हाच का नाही खणलं?"

सुभद्राला पुष्कळ सांगता आलं असतं. भेरूलालची घाई, इंजिनियरचा चहा, फळ्यातली हूल. तिनं मान वर केली.

"तुझी आई नको म्हणाली. माझी सासू नको म्हणाली. पण 'टाका' म्हणाले ती मी."

रमली उठली, काठावर गेली, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि वर ओढून घेतली.

"टेकू लागले की खाली सोडते," ती म्हणाली.

सुभद्रानं मान हलवली. मातीचं एक ढेकूळ सुटून तिच्या पायाशी पाण्यात पडलं. ट्रकचा आवाज अजून येत नव्हता.